टाळ्या खूप झाल्या, रियाजाची सोय कोण करणार?

गरीब घरातल्या एखाद्या मुलाचा गातानाचा व्हिडिओ अधूनमधून सगळ्यांच्या फोनवर फिरत येतो. अंगावर काटा येईल असा आवाज असतो. लाखो लोक ऐकतात, कुणी सत्कार करतं, कुणी एखादं गाणं रेकॉर्ड करून घेतं. मला दर वेळी एकच काळजी लागते: उद्यापासून या मुलाला रोज शिकवणार कोण?

संगीताला वर्षं द्यावी लागतात आणि मधे खंड पडून चालत नाही. आपली बहुतेक मदत मात्र एकदाच होते. बक्षीस दिलं, वाद्य दिलं, फोटो काढला, संपलं. वाद्य दिल्यावर खरा खर्च सुरू होतो. व्हायोलिन मुलाच्या हाताच्या मापाचं लागतं. पाव, अर्धं, पाऊण असं करत पूर्ण मापापर्यंत जायचं, म्हणजे वाढत्या वयात तीन-चार वाद्यं. तबल्याची पुडी फाटते, हार्मोनियमचा भाता गळतो, तारा तुटतात. ज्या घरात पैसे आहेत तिथे ही दुरुस्ती आठवड्यात होते. ज्या घरात नाहीत तिथे वाद्य महिनोन्महिने कोपऱ्यात पडून राहतं आणि बसलेला हात सुटतो.

शिवाय क्लासला जायचं भाडं. लहान मुलाला सोबत लागते, त्या दिवशी आईची किंवा वडिलांची मजुरी बुडते. एकाच खोलीत पाच माणसं राहत असतील तर पहाटे सूर कुठे लावायचा? मदतीच्या अर्जांत यासाठी रकाना मी तरी पाहिलेला नाही. पण शिकणं सुटतं ते याच कारणांनी. मग आपण म्हणतो, मुलाची आवड कमी झाली. मला हे वाक्य ऐकवत नाही.

गाणाऱ्या मुलग्यांचं तर आणखी अवघड. वयात येताना आवाज फुटतो. ज्या उंच, कोवळ्या आवाजासाठी लोक जमले होते तो जातो, आणि लोकही जातात. खरं तर जाणत्या गुरूची सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते. पट्टी कधी उतरवायची, गळ्याला विश्रांती किती द्यायची, तोवर लय आणि कान कसे पक्के करायचे, हे सांगणारं कुणी नसेल तर मूल आवाजावर जोर देत राहतं आणि गळा दुखावून बसतं.

अमेरिकेतला जगप्रसिद्ध जॅझ वादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग याचं आयुष्य बघा. न्यू ऑर्लिन्समधल्या अत्यंत गरीब घरातला मुलगा. 1913 मध्ये त्याला मुलांच्या सुधारगृहात पाठवलं, आणि तिथल्या बँडमध्ये पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याला कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं, फुंकून वाजवायचं वाद्य शिकवलं. बाहेर आल्यावर कोळसा वाहण्यासारखी कामं करावी लागली. तेव्हा किंग ऑलिव्हर या नावाजलेल्या वादकाने त्याला आपलं जुनं कॉर्नेट दिलं, शिकवलं आणि पुढे 1922 मध्ये शिकागोला आपल्या बँडमध्ये बोलावून घेतलं. एकाने हात सोडला तेव्हा दुसऱ्याने धरला, म्हणून तो मुलगा टिकला. पण असा दुसरा माणूस भेटणं हे आपण नशिबावर का सोडायचं?

व्हेनेझुएलात संगीतकार होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी 1975 मध्ये तेच व्यवस्थेतून करायला घेतलं. त्यांच्या ‘एल सिस्तेमा’त शाळा सुटल्यावर मुलं एकत्र वाजवायला येतात, वाद्य आणि शिक्षण मोफत. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, की प्रतिभा आधी सिद्ध करून दाखवा असं तिथे म्हणत नाहीत. वाद्य हातातच पडलं नाही तर त्या हातात काय आहे हे कळणार कसं? या उपक्रमावर पुढे कठोर टीकाही झाली, मुलांच्या सुरक्षिततेवरून गंभीर आरोपही झाले. त्याकडे डोळेझाक करू नये.

उलट त्यातूनच मला एका गोष्टीबद्दल ठाम मत मांडायचं आहे. गरीब मुलाला ‘फुकट शिकवा’ असं शिक्षकांना सांगू नका. अनेक गुरू मनापासून तसं शिकवतात, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण फी माफ झालेलं मूल उपकाराखाली दबतं. त्याला घरची कामं सांगितली, अपमान केला, त्याहून वाईट काही घडलं, तरी ते तोंड उघडत नाही, कारण दुसरा दरवाजा नसतो. फी निधीतून द्या. शिक्षकाला मेहनतीचं मोल मिळेल आणि मूल इतरांसारखंच विद्यार्थी म्हणून बसेल. गुरू बदलावासा वाटला तर तो निधी मुलासोबत जाऊ द्या. आणि देणगीदारांच्या प्रत्येक कार्यक्रमात त्याला गायला उभं करू नका.

घरात वाद्य पडून असेल तर आधी दुरुस्त करून घ्या, मगच द्या, आणि पुढच्या दुरुस्तीचा खर्चही आपल्याकडे ठेवा. पैसे देणार असाल तर एका मुलाचे तीन वर्षांचे एकदम बाजूला काढा, म्हणजे तुमची अडचण झाली तरी त्याचं शिकणं थांबणार नाही. पैसे नसतील तर जागा बघा. ज्या शाळांत संगीताची खोली आहे, तिथे ती शाळा सुटल्यावर बहुधा कुलपातच असते. तुम्ही शिक्षक असाल, पालक समितीवर असाल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: संध्याकाळी दोन तास ती खोली उघडी ठेवायची तर किल्ली कुणाकडे द्यायची, आणि मुलांजवळ कोण थांबेल?