बुधवारची सकाळ शिवारासाठी

माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना गावाकडच्या वाटांवर चालायला आवडतं ते सगळे एकच वाक्य बोलतात, वेळच मिळत नाही गं. आणि ते खोटं बोलत नाहीयेत. हिंजवडीच्या आयटी पार्कला जाण्यायेण्यात दोन-अडीच तास, संध्याकाळी साडेसहापासून अमेरिकेचे कॉल, मुलांचा अभ्यास, आईवडिलांच्या तपासण्या, मग उरतो तो रविवार आणि त्या रविवारवर किराणा, बारसं, लग्न, झोप, पाहुणे या सगळ्यांचा हक्क आधीच लागलेला. पण माझं मत आता पक्कं झालंय आणि ते जोर देऊन सांगायचंय. नोकरी करणाऱ्या माणसाने हे चालणं रविवारवर टाकूच नये. आठवड्यातला एक कामाचा दिवस धरावा, त्याची सकाळ धरावी, घरापासून तासाभरात पोचता येईल असं एक साधं शिवार धरावं आणि बाराही महिने तिथेच जावं. गड नको, पॉइंट नको, धबधबा नको.

माझा दिवस बुधवार आहे. मी पुण्याजवळ आकुर्डीला राहते. ज्यांचं काम अमेरिकेच्या वेळेला बांधलेलं आहे त्यांचं रात्री दहा-साडेदहापर्यंत काही खरं नसतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची दुसरी बाजू आपण वापरतच नाही, की रात्री एवढं बसल्यावर सकाळी अकराच्या आत आपल्याला सहसा कोणी शोधत नाही. ती सकाळ आपली आहे. कॅलेंडरवर मी बुधवारी अकरापर्यंत ब्लॉक टाकून ठेवलाय, कारण लिहीत नाही, नुसतं 'बाहेर', आणि मॅनेजरला एकदा नीट सांगितलंय की सकाळी चालायला जाते, अकराला लॅपटॉपसमोर असेन. डेंटिस्टकडे जायचं असलं की आपण बिनधास्त सांगतो ना, मग चालायला जायचं सांगताना आवाज का बारीक करायचा? टीममधल्या पोरांना तर मी मुद्दाम सांगते, म्हणजे त्यांनाही आपली एखादी सकाळ मागायला संकोच वाटू नये.

सहाच्या सुमाराची लोणावळा लोकल पकडायची. देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. तिकीट दहा-पंधरा रुपयांचं. उलट्या दिशेने पुण्याकडे येणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या असतात, दूधवाले, कंपनीत जाणारे, कॉलेजची मुलं, आणि आपण जातो त्या गाडीत बसायला जागा मिळते. कार घेऊन जाऊ नका हे माझं कळकळीचं सांगणं आहे. कारने गेलं की कार जिथे लावली तिथेच परत यावं लागतं, लोकलने गेलं की मळवलीला उतरून कामशेतला चढता येतं, म्हणजे सरळ पुढे पुढे चालत जाता येतं. आणि परतीची लोकल ठरलेली असल्यामुळे वेळेचं भान आपोआप राहतं, तिथे कितीही छान वाटत असलं तरी. दुपारी या मार्गावर लोकल फार विरळ असतात, त्यामुळे सकाळची परतीची गाडी चुकवायची नाही हा एकच नियम.

मळवली स्टेशनवरून एक्स्प्रेसवेच्या वरचा पूल ओलांडला की भाजे. रविवारी पावसाळ्यात या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, बुधवारी सकाळी सातला तुम्ही, दोन-चार म्हशी आणि शाळेत निघालेली मुलं. भाजे लेणी वरच आहेत, इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातली, तीही एखाद्या दिवशी निवांत बघून घ्यावीत, पण माझी वाट खालूनच पाटणकडे वळते, विसापूरच्या पायथ्याने, खाचरांच्या बांधांवरून. पुढे बोरज, ताजे करत कामशेतच्या बाजूला. जमलं तर पूर्ण, नाही जमलं तर अर्ध्यातून मागे.

लोक विचारतात, दर आठवड्याला तीच वाट, कंटाळा नाही येत? मला उलट वाटतं की वाट एकच असेल तरच काहीतरी दिसायला लागतं. एप्रिल-मेमध्ये राब भाजतात, म्हणजे शेण-पालापाचोळा-काटक्या रचून त्या तुकड्याची जमीन भाजून घेतात, सगळीकडे तो धुराचा वास. पहिला पाऊस पडला की त्याच भाजलेल्या तुकड्यात भाताचं रोप टाकतात आणि दोन आठवड्यात तो तुकडा असा काही पोपटी होतो की बाजूची जमीन काळी दिसते. जुलैत लावणी, गुडघाभर चिखलात ओणव्या बायका, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ. एखादं इरलं, म्हणजे पानांचं पावसाळी पांघरूण, अजून दिसतं, क्वचित. काही खाचरांत दोऱ्या बांधून ठरावीक अंतरावर रोपं लावायची ती चारसूत्री लावणी, काहींत आपली जुनीच पद्धत. सप्टेंबरला बांधावर तेरडा आणि उतारावर सोनकी. दिवाळीच्या आसपास कापणी, मग झोडणी, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर हरभरा, मसूर, वाल. फेब्रुवारीत पळस पेटतो, काटेसावर आधीच फुललेली असते. मेअखेरीला करवंदं संपत येतात आणि पावश्या ओरडायला लागतो. आपण बाजारातून इंद्रायणी तांदूळ आणतो ना, ते वाण याच भागातल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, १९८७ साली आलेलं, आंबेमोहोरापासून काढलेलं. मी आयुष्यभर तो भात खाल्ला, पण तो राबापासून खळ्यापर्यंत कसा जातो ते या बुधवारांमुळे कळलं. वर्षातून एकदा जाणाऱ्याला या सगळ्यातलं एकच चित्र मिळतं, बहुतेक वेळा पावसाळ्यातलं हिरवं.

आणि रविवारच्या पावसाळी गर्दीबद्दल तर मला खरंच तळमळीने बोलायचंय. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो रविवार होता. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला, चार जण गेले, तोही रविवार. ही माणसं बेजबाबदार होती असं म्हणणं मला पटत नाही. आठवडाभर कोंडलेल्या लाखो माणसांना एकाच दिवशी, एकाच मोसमात, त्याच पाच-सहा जागांवर जायचं असतं, कारण दुसरा दिवस कोणाकडेच नाही आणि दुसऱ्या जागा कोणी सांगतच नाही. जमावबंदीचे आदेश निघतात, पोलीस नाके लावतात, पण मुळात कामाचा आठवडा असा बांधलेला आहे की सगळे एकदम सुटतात. कंपन्यांनी आठवड्यातली एक सकाळ लोकांना खरोखर मोकळी दिली ना, तर लोणावळ्याच्या ट्रॅफिकपासून लोकांच्या पाठदुखीपर्यंत बऱ्याच गोष्टी हलक्या होतील असं मला मनापासून वाटतं. वेलनेस वीक, झुंबा, स्टेप्सची स्पर्धा हे सगळं ठीक आहे, पण त्यापेक्षा एक सकाळ द्या.

तब्येतीचं म्हणाल तर, २०१९ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ २०,००० लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास आला होता. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे आणि मनाला बरं वाटतं असं सांगणारे लोक जास्त निघाले, आणि ते दोन तास एकदम घालवले की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. आता तब्येत बरी असणारेच जास्त बाहेर पडत असतील असंही असू शकतं, त्यामुळे याला औषधाची चिठ्ठी समजू नका. पण आपल्यासारख्यांसाठी त्यातली दिलासा देणारी गोष्ट ही की रोज जमलंच पाहिजे असं नाही. आठवड्यातून एकदा दोन तास, एवढं तर मागता येतं.

बायकांसाठी थोडं वेगळं लिहायला हवं, कारण सकाळ मोकळी म्हणजे ऑफिसकडून मोकळी, घराकडून नाही. पुरुष सहाची लोकल पकडायला निघतो तेव्हा तो फक्त बूट घालतो, बाई निघते तेव्हा डबा, शाळेची बस, सासूबाईंच्या गोळ्या, दूध, कामवाल्या ताईंची किल्ली हे सगळं आधी लावून निघते. हे बदलल्याशिवाय कुठलंही टाइम मॅनेजमेंट उपयोगाचं नाही. आमच्याकडे बुधवारचा डबा आणि शाळेची बस नवऱ्याकडे आहे, कायमची, आणि त्या दिवशी डब्यात काय आहे हे मी विचारत नाही. मदत म्हणून नाही, तो त्याचा वार आहे. त्याचा शनिवार आहे सायकलचा, तेव्हा सगळं माझ्याकडे. हे एकदा बसून बोलून घ्या, दर आठवड्याला नव्याने परवानगी मागायला लागली की महिन्याभरात बंद पडतं.

एकटीने जायचं का, हा दुसरा प्रश्न. मी बहुतेक वेळा एका मैत्रिणीबरोबर जाते, ती नसेल तर एकटीही जाते पण मग गावं आणि वस्त्या जोडणाऱ्या वाटेवरूनच, रानात आत नाही. एकच वाट धरण्याचा इथे सगळ्यात मोठा फायदा होतो, कारण लोक ओळखायला लागतात. सुरुवातीला "कुणाकडं आलाय ओ ताई?" असं विचारायचे, आता "आज उशीर झाला का" विचारतात. एक मावशी तर गेल्या बुधवारी का नाही आलात याचा हिशोब मागतात. ही ओळख म्हणजे माझी सुरक्षा आहे, कुठल्याही ॲपपेक्षा जास्त. वाडीवरच्या कुत्र्यांसाठी हातात काठी ठेवा, ती नुसती आपटायची, मारायची नाही. भाताच्या बांधावर घोणस असू शकते, म्हणून बूट घोट्याच्या वर येणारे आणि नजर खाली. जुन्नर-आंबेगाव-खेड-शिरूर भागात उसाच्या कडेने चालणार असाल तर पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका, बिबट्या तिथे रोजच्या जगण्याचा भाग आहे. आणि एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत विजा दुपारनंतर, त्यामुळे सकाळचं चालणं तसंही बरं.

ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजची घाई असते त्या आठवड्यात मळवली जमत नाही, हे मान्य करूनच सगळं बसवायला लागतं. तेव्हा माझी छोटी वाट आहे, बेगडेवाडीला उतरून घोरवडेश्वरचा डोंगर, पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत आणि खाली, नऊच्या आत घरी. तेही नाही जमलं तर निगडीची दुर्गा टेकडी. भंडारा डोंगराची बाजूही सुंदर आहे, इंदोरीकडून. प्रत्येकाने अशी एक मोठी, एक मधली, एक अगदी जवळची वाट ठरवून ठेवावी म्हणजे आठवडा कसाही गेला तरी वार मोडत नाही. मला वाटतं सवय मोडते ती आळसाने कमी आणि 'सगळं किंवा काहीच नाही' या हट्टाने जास्त. पंढरीच्या वारीतल्या आयटीवाल्यांच्या आयटी दिंडीत आळंदी ते पुणे, मग पुणे ते सासवड उत्साहाने चालणारे कितीतरी जण मी पाहिलेत, दिवेघाट चढताना डोळ्यात पाणी येतं त्यांच्या, इतकं खरं असतं ते, आणि मग पुढच्या वारीपर्यंत पार्किंग ते लिफ्ट एवढंच चालणं. त्या एका दिवसाचा आनंद जर खरा आहे, आणि तो आहे, तर त्याला वर्षभर उपाशी का ठेवायचं?

अजून एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. या वाटाच कमी होत चालल्यात. गेल्या काही वर्षांत माझ्या वाटेवर तारेची कुंपणं आली, फार्महाउसचे गेट आले, 'एनए प्लॉट'च्या, म्हणजे बिगरशेती प्लॉटच्या, पाट्या आल्या. गावनकाशात गाडीवाट, पायवाट दाखवलेल्या असतात, आणि शेताच्या हद्दीवरून जायच्या रस्त्यासाठी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे, अडवलेल्या वहिवाटीसाठी १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. पण हे हक्क शेतकऱ्याचे, शेतात जाण्यासाठीचे. तुमच्या-माझ्यासारख्या नुसत्या चालणाऱ्याला इंग्लंडसारखा पब्लिक फुटपाथचा हक्क आपल्याकडे नाही, तिथे इंग्लंड-वेल्स मिळून फुटपाथ धरून लोकांच्या हक्काच्या सगळ्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत. आपण चालतो ते गावकऱ्यांच्या चांगुलपणावर. म्हणून बांध तुडवायचा नाही, उभ्या पिकातून जायचं नाही, समोर कोणी असेल तर "इकडून जाऊ का दादा" विचारायचं, कचरा तर सोडाच, स्पीकरही नको. आणि गावकरी जर पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारा रस्ता, अडवल्याची तक्रार करत असतील तर त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलायचे, कारण ती पाणंद राहिली तरच तिच्यावरून बैलगाडी, ट्रॅक्टर, शाळेची पोरं आणि आपण असे सगळे जाऊ शकतो.

तर ज्यांना जमेल त्यांनी या आठवड्यातच कॅलेंडर उघडून एक सकाळ अडवा. गुरुवार धरा, मंगळवार धरा, बुधवारच पाहिजे असं काही नाही. नाशिकवाल्यांना, कोल्हापूरवाल्यांना, साताऱ्याच्या लोकांना तर शिवार आमच्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, तुमच्या वाटा लिहा कमेंटमध्ये, स्टेशन किंवा एसटी स्टँडपासून किती लांब आणि परत यायला काय मिळतं तेही लिहा.

मला स्वतःला कान्हे फाट्यावरून टाकवेच्या बाजूला, आंदर मावळात, एक नवी मधली वाट हवी आहे. अट एवढीच की सहाच्या लोकलने जाऊन दहापर्यंत घरी येता आलं पाहिजे, आणि कंपन्यांच्या ट्रकच्या रस्त्यावरून कमीत कमी चालावं लागलं पाहिजे. तिकडचं कोणी असेल तर प्लीज सांगा, पुढच्या बुधवारी लगेच जाऊन बघते.