नाव मोठं, छत्री खोटी

चेअरमनसाहेब, संचालक मंडळी, रिसॉर्टवाले, खतं-बियाणंवाले आणि यंदा जनतेच्या आग्रहाखातर उभे राहणारे सगळे भावी सदस्य, नमस्कार. आपलं नाव छापलेली भेटवस्तू वाटायचा हंगाम जवळ आला. काय वाटावं असा प्रश्न तुम्हाला पडत नाही, हे मला ठाऊक आहे. मुंबईहून एजंट येतो, कॅटलॉग उघडतो आणि तुम्ही सगळ्यात स्वस्त चित्रावर बोट ठेवता. तरीही चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. माझा अधिकार काय म्हणाल, तर आमच्या माळ्यावर चढून बघा. बंद पडलेली चार घड्याळं, गंजलेल्या किचेनचा जुडगा, झाकण न बसणाऱ्या बाटल्या, आणि प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव. शिवाय गेल्या जुलैत दाभोळच्या जेटीवर मी तुमच्यापैकी एकाची छत्री उघडली होती. तिच्याकडे येतोच.

सुरुवात पेनापासून करा. पेन द्या, शाई नको.

टी-शर्ट द्यायचा तर एकाच मापाचा द्या, म्हणजे नातवाला तो झबल्यासारखा होईल आणि आजोबांच्या पोटावर तुमचं चिन्ह ताणून दुप्पट मोठं दिसेल.

सत्काराला नारळ द्या. ज्याच्या परसात वीस माड उभे आहेत आणि पाडेली मिळत नाही म्हणून ज्याचे नारळ शेंड्यावरच सुकतायत, त्याला बाजारातून विकत आणलेला, बोटभर खोबऱ्याचा नारळ दोन्ही हातांनी द्या आणि फोटो काढा.

कापडी पिशवी देणार असाल तर पांढरीशुभ्र द्या, बंद लांब ठेवा आणि तळ शिवूच नका, नुसता चिकटवा. किनाऱ्यावरच्या माणसाला पिशवी लागते ती मासळीला, हे विसरून जा. बांगडे आणले की पाणी गळणार, पिशवी दोन वेळा धुवावी लागणार, म्हणून आमच्याकडे मासळीची पिशवी वेगळी असते, वायरची नाहीतर रेक्झिनची, ती मागल्या दारी खिळ्याला टांगलेली असते आणि घरात तिला प्रवेश नसतो. त्या खिळ्यावर जागा मिळवणं सोपं नाही. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा ती कागदासारखी दिसणारी, न विणलेल्या प्लॅस्टिकची पिशवी बरी. 60 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅम वजनाच्या, आतली असली तर 2021पासून ती देशभर बंद आहे, पण तुमच्या गोदामात कायदा शिरत नाही. वर्षभर खुंटीला राहिली की तिचा भुगा होतो आणि तुमचं नाव केराच्या सुपलीत दिसतं. दिसलं म्हणजे झालं.

स्टीलची बाटली. आमच्याकडची हवा खारट आहे हे एजंटाला सांगू नका. चांगल्या स्टीलमध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, बाजारात त्याला 304 म्हणतात. निकेल महाग, म्हणून ते कमी करून केलेलं 202 स्वस्त पडतं. तुम्ही 202च घ्या. ते पुण्यात चकचकीत राहील. आमच्या पडवीत मात्र मिठाचा वारा लागून दोन महिन्यांत गळ्याभोवती तांबूस कडं दिसेल आणि आमची मंडळी बाटलीत पाणी न भरता तुळशीला पाणी घालायला वापरतील. म्हणजे वापर झालाच की!

कॅलेंडर हा तर तुमचा हातखंडा. त्याचा वरचा अर्धा भाग चेअरमनसाहेबांना द्यावा, उरलेल्यात संचालक, आणि त्यातून जागा राहिलीच तर तारखा. तिथी नको. जयंत साळगांवकर मालवणचे. त्यांनी 1973 साली कालनिर्णय काढलं आणि घराघरांत भिंतीवर गेलं ते त्यात संकष्टीचा चंद्रोदय सापडतो म्हणून, साळगांवकरांचा फोटो बघायला कोणी ते लावलं नाही. पण तुम्हाला कशाला असल्या गोष्टी? आमच्याकडे तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट करायची, आलेल्या आकड्याच्या आसपास भरती. अष्टमी असेल तर सहा, एकादशी असेल तर सव्वाआठ. खाडीत होडी घालणारा, कालवं काढणारी, किनाऱ्यावर जाळं लावणारा, सगळ्यांचं घड्याळ तेच. म्हणून तुमच्या कॅलेंडरवर तिथी मुंगीएवढ्या अक्षरात छापा आणि कागद असा गुळगुळीत घ्या की त्यावर बॉलपेन चालता कामा नये. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लागला, गडी कोणत्या दिवशी आला नाही, हे बाई लिहिणार कुठे? लिहू नये. तुमच्या फोटोकडे बघत लक्षात ठेवावं.

आता छत्री.

छत्री ही कोकणी माणसाला देण्याजोगी वस्तू आहे, याबद्दल वाद नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. तेव्हा छत्रीची कल्पना ज्याला सुचली त्याचं अभिनंदन. पुढचं सगळं मात्र तुम्ही केलंत.

सहकारी संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. घाई नको म्हणून तुम्ही ती अगदी शेवटच्या आठवड्यात घेता. अहवाल वाचनात तासभर जातो, मग ‘मंजूर, मंजूर’ होतं आणि मग भेटवस्तूची रांग लागते. अशा रीतीने पाऊस परतीच्या वाटेला लागल्यावर आमच्या हातात छत्री येते. ती माळ्यावर जाते. ऑक्टोबर ते मे ती खारट हवेत पडून राहते आणि तिच्या पत्र्याच्या काड्या हळूहळू एकमेकींना मिठी मारतात. जूनमध्ये खाली काढतो तेव्हा बटण दाबलं की निम्मी उघडते. निम्मी विचार करते.

मी ती तेल घालून, खटखट करून उघडली. चांगली वस्तू दिली आहे, टाकायची कशाला, अशी आमची पिढी. जुलैत आजोळच्या जमिनीच्या कामाला गुहागरला जायचं होतं. तहसीलमध्ये जायचं म्हणून पांढरा शर्ट घातला. दाभोळच्या जेटीवर आलो. धोपाव्याहून येणारी फेरीबोट अजून मधे होती. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथला तो वारा ज्याने अंगावर घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. मुखाकडून सरळ आत घुसतो. आणि मी बटण दाबलं.

पहिल्या झटक्यात छत्री उलटी झाली. कप झाला तिचा. दुसऱ्या झटक्यात आठातल्या तीन काड्या कापडातून सुटून बाहेर आल्या आणि कापड फडफडायला लागलं. बाजूला दुचाकीवर बसलेला एक पोरगा म्हणाला, “काका, शीड झालंय, सोडू नका, आपसूक पल्याड जाल.” सगळी जेटी हसली. मीही हसलो, काय करणार. मूठ माझ्या हातात होती, दांडा तिच्यातून निसटायच्या बेतात होता. कशीबशी गुंडाळली आणि काखेत मारली. बोटीत चढलो, पलीकडे उतरलो, वडाप पकडलं, तहसीलमध्ये जाऊन उभा राहिलो.

खिडकीतला मुलगा माझ्या खांद्याकडे बघतच राहिला. “काका, हे काय लिहिलंय? आरशात बघायला पाहिजे.”

तुमच्या छत्रीचा रंग सुटला होता, साहेब. काखेत दाबलेल्या ओल्या कापडावरून तुमचं नाव, तुमचं चिन्ह आणि ‘सावली विश्वासाची’ हे ब्रीदवाक्य माझ्या पांढऱ्या शर्टावर उलटं छापलं गेलं होतं. निळ्या रंगात. सुवाच्य. जी शाई पेनात घालायला तुमच्याकडे नव्हती ती सगळी इथे होती. दिवसभर मी गुहागरात डावा हात अंगाशी धरून फिरलो, पक्षाघात झाल्यासारखा.

परत येताना छत्री मुद्दाम एसटीत विसरलो. कंडक्टर खाली उतरून धावत आला आणि देऊन गेला. “काका, तुमची छत्री!” म्हणाला. बिचाऱ्याला माझी अडचण काय माहीत. यावरून एक परीक्षा सुचली, ती कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापावी. वस्तू एसटीत विसरून या. कोणी ढापली तर चांगली, परत आली तर तुमची.

माझ्या वडिलांची छत्री लांब दांड्याची, काळी, लाकडी मुठीची. पाऊस थांबला की ती मानेमागे कॉलरला अडकवायची आणि हात मोकळे. तिच्या आतल्या बाजूला पेंटरकडून पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घालून आणायचे. तेही नावच होतं. घरातल्या तांब्यावर, पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव घातलेलं आहे. गावकीच्या हंड्यांवर, टोपांवर गावाचं नाव आहे. लग्नाला, पूजेला भांडी नेली की कुठली कुठे गेली तरी परत येत. ते नाव काठाखाली, नखाएवढं असायचं आणि पातेलं अजून आहे. कोणाला ते चोरावंसं वाटेल, म्हणून नाव घालावं लागायचं! तुमच्या वस्तूवर नाव मोठं असतं आणि चोर शोधून सापडत नाही.

असो. काही वस्तू मात्र चुकूनही देऊ नका, त्यात धोका आहे. ताडपत्री देऊ नका. मे महिन्यात लाकडं, शेणी, पेंढा झाकायची धांदल असते. दिलीत तर माणूस ती चार महिने अंगणात ताणून बांधील आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तुमचं नाव दिसेल, फुकट. नारळाची खवणी देऊ नका. तिच्यावर आमच्याकडे रोज बसतात, म्हणजे तुमची रोज आठवण. वाऱ्यापावसात लाइट जाते तेव्हा लागणारी, चार्जिंगची बरी विजेरी देऊ नका. आंबे काढायला मजबूत जाळीचा झेला देऊ नका. आणि आरत्यांचं पुस्तक तर अजिबात नको. एका औषधाच्या दुकानाने वीस-बावीस वर्षांपूर्वी दिलेलं आमच्या देव्हाऱ्यात अजून आहे. कोपरे गेलेत, तेलाचे डाग पडलेत, पण गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले की ‘घालीन लोटांगण’ला ते कोणाच्या तरी हातात असतंच. अक्षरं मोठी आहेत, एवढंच त्याचं मोठेपण. दुकानाचं नाव मागच्या पानावर खाली, बारीक. मी औषधं तिथूनच आणतो. का ते आत्ता हे लिहिताना कळलं.

आता हे ‘देऊ नका, देऊ नका’ पुरे. सरळ विचारतो. तुम्ही ती छत्री एकदा तरी स्वतः उघडली होती का?

नव्हती. कारण सभेच्या दिवशी तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा पाऊस होता, आणि तुमच्या डोक्यावर ड्रायव्हरने धरलेली छत्री मोठी, काळी, लांब दांड्याची होती. तिच्यावर कोणाचंही नाव नव्हतं. मी रांगेतून बघत होतो. तुमची स्वतःची चाळीस-पन्नास खोकी आत हॉलमध्ये रचलेली असताना तुम्ही ती छत्री आणलीत, म्हणजे तुम्हाला कळतं. चांगली छत्री कशाला म्हणतात ते तुम्हाला पक्कं कळतं. मग आम्हाला ही का दिलीत?

आणि ‘भेट’ कसली हो? पैसा कोणाचा? आमच्याच ठेवी, आमचीच कर्जं, आमचंच व्याज, त्यातून आलेल्या नफ्यातून हा खर्च आणि वर आमच्याच डोक्यावर तुमचं नाव. सभासदांना विचारायला काय झालं होतं? एक नमुना आणायचा, जून महिन्यात एखाद्या लावणीला जाणाऱ्या बाईच्या हातात द्यायचा, पंधरा दिवसांनी विचारायचं, टिकली का. तिने नाही म्हटलं तर परत पाठवायची. सप्टेंबरात सभा आहे तर छत्री मेमध्ये शाखेतून वाटा, कोणी हात धरलाय? ते जमत नसेल तर काही वाटू नका. लाभांश वाढवा पाव टक्का, लोक नाव काढतील. ते नाही. पाचशे निकामी वस्तू वाटायच्या, फोटो काढायचे, आणि वर्षभराने तोच कचरा ओढ्याला, पऱ्ह्याला लागून खाडीत. समुद्राला गेलं की संपलं असं वाटतं तुम्हाला. संपत नाही. भरतीला परत येतं. पुळणीवर गेल्या महिन्यात एक झाकण सापडलं, नावासकट.

यंदाच्या सभेची नोटीस आली आहे. ‘भेटवस्तूसाठी ओळखपत्र सोबत आणावे’ असं ठळक अक्षरात लिहिलंय. मी येणार आहे, आणि ओळखपत्र नाही, तो शर्ट आणणार आहे. साडेआठशेचा शर्ट होता. लिंबू, सोडा, उन्हात वाळवणं, सगळं करून झालं, ‘सावली’ गेली, ‘विश्वासाची’ जात नाही. छत्रीवर धुऊन गेलेलं तुमचं नाव शर्टावर अजून स्वच्छ वाचता येतं. साडेआठशे रुपये काढून ठेवा.