अंगठी घासून शिसं कळत नाही, आणि ‘हर्बल’ लिहिलं म्हणून क्रीम सेफ होत नाही

परत तोच मेसेज फिरतोय सगळ्या ग्रुपवर. लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासा, काळी रेघ आली तर शिसं आहे, डिओने घाम अडतो आणि ब्रेस्ट कॅन्सर होतो, टूथपेस्टच्या ट्यूबला खाली काळा पट्टा म्हणजे आत फक्त केमिकल, आणि शेवटी, हे सगळं सोडा, हर्बल वापरा, त्याला साइड इफेक्ट नसतो. लोक काळजीनेच पाठवतात, पण ते शेवटचं वाक्य खरंच धोक्याचं आहे म्हणून लिहितेय.

पट्ट्याचं आधी उरकते. ती मशीनच्या सेन्सरसाठी खूण असते, ट्यूब कुठे कापायची, सील करायची ते कळावं म्हणून. बाकी काही नाही.

अंगठीचं म्हणाल तर मेणावर धातू घासला की रेघ उठू शकते, शिसं असो नसो, ते मोजायला लॅबच लागते. लिपस्टिकमध्ये शिसं नसतंच असं नाही हां, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-कॉस्मेटिक्सवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 400 लिपस्टिक तपासल्या तेव्हा सरासरी 1.11 पीपीएम (दहा लाख भागांत 1.11 भाग) निघालं, सगळ्यात जास्त 7.19, आणि नंतर त्यांनीच 10 पीपीएमची मर्यादा सुचवली.

डिओचं तर लॉजिकच चुकलंय, शरीरातली घाण लिव्हर आणि किडनी काढतात, काखेतला घाम नाही. सिएटलमध्ये कॅन्सर झालेल्या 813 आणि न झालेल्या 793 बायकांची तुलना केली, 2002 मध्ये छापून आलं, डिओचा संबंध सापडला नाही.

आता ते हर्बल. 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या तिघी, मुलगी, तिची आई आणि बहीण, ब्युटिशियनकडची गोरं करणारी क्रीम लावायच्या आणि तिघींच्या किडन्या बिघडल्या, मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतला तर कारण निघालं क्रीममधला पारा. पारा मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, बनू देत नाही म्हणून चेहरा पटकन उजळतो आणि आपल्याला वाटतं क्रीम भारी आहे, पण तोच कातडीतून आत जाऊन किडनीत साठतो. आपल्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे, चुकून आलेला सुद्धा 1 पीपीएमच्या वर चालत नाही, पण ज्या डबीवर कंपनीचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर काहीच नाही तिला कोण विचारणार? आणि अशाच डब्यांवर बऱ्याचदा हर्बल लिहिलेलं असतं!

काळ्या मेहंदीचंही तेच. खरी मेहंदी आधी केशरी दिसते, मग रंग चढतो, अर्ध्या तासात काळीभोर झाली तर त्यात पीपीडी असण्याची शक्यता खूप, ते हेअर डायमधलं केमिकल, कातडीवर फोड येतात आणि एकदा ॲलर्जी बसली की जन्मभर राहू शकते, लहान मुलींच्या हाताला तर नकोच.

घरात कोणी अशी बिनपत्त्याची क्रीम लावत असेल आणि पायावर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल तर आजच बंद करा, पण डबी टाकू नका, डॉक्टरकडे सोबत घेऊन जा आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगा. क्रीमचं आपण स्वतःहून सांगायला हवं, कारण किडनीच्या पेशंटला चेहऱ्याला काय लावता हे सहसा कोणी विचारत नाही.