‘पुण्यात बसून’ म्हणणाऱ्या रंकाळाप्रेमींना

रंकाळाप्रेमी (खरं नाव लिहायला काय झालं होतं?),

प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या केंदाळावरचा (म्हणजे जलपर्णीवरचा) माझा लेख म्हणजे आठवणींचे उमाळे, सांडपाण्याचा एक आकडा नाही, केंदाळ मूळचं इथलंच हे चूक, तुमच्या गल्लीचं गटार तेव्हा कुठं जात होतं, आणि ‘पुण्यात बसून रंकाळ्यावर गळे काढायला काय जातंय?’

केंदाळाचं मान्य. ते दक्षिण अमेरिकेतून आलंय. लेखात दुरुस्ती केली.

आता ते ‘पुण्यात बसून’. अहो, मुद्दा मांडा की, हा सूर कशाला? पुण्यात मी पोटासाठी आलो, हौसेनं नाही. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून वडिलांनी मला संध्यामठाच्या बाजूला पाण्यात ढकललं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. घरच्या म्हशी शाळेआधी पाण्यात घालायचं काम माझ्याकडं. एकदा आत बसली की म्हैस हाकेला ओ देत नाही, त्यापायी मास्तरांच्या छड्या खाल्ल्यात. रंकाळा मला कुणी सांगायचा?

पाणी हिरवं झालं त्या वर्षी मुद्दाम पुण्याहून येऊन मी पहाटे घाटावर उभा होतो. ओंजळ भरली. पाणी बोटांच्या फटींतून गेलं, तळहातावर रंग राहिला, ऑइलपेंट सांडल्यागत. कडेला मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. रात्री उजेड नसल्यानं शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट खातं. त्यात तळाचं कुजणं चालूच. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाताना हे दिसत नाही. (लागलं असेल तर लागू दे, सुरुवात तुम्ही केलीत.)

आकडा हवा ना? सांडपाण्यातून, धुण्याच्या पावडरीतून येणारा 1 किलो फॉस्फरस साधारण 500 किलो शेवाळ पोसू शकतो. कॅनडात 1973 साली एका तळ्यात मधोमध पडदा टाकून दोन्हीकडं कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. हिरवी झाली तीच बाजू. नाल्यातून रोज किती लिटर येतं ते महापालिकेला विचारा, मी मीटर लावून बसलेलो नाही.

केंदाळ काढल्याचे फोटो पाठवलेत, छान आलेत. गाळात मुरलेला फॉस्फरस फोटोत येत नाही, एवढंच.

राहिलं गल्लीचं गटार. तो विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. आणि म्हशी म्हणाल तर दोनच होत्या.