फॉल-पिको केलेली ‘नको असलेली’ साडी

आली परत. मी ऑनलाइन विकलेली इरकल साडी, कारण काय तर ‘रंग फोटोसारखा नाही’. अहो, रंगच आवडला नव्हता तर फॉल-पिको कशाला करून घेतलंत? पदरावर हळदीचा डाग, खांद्यापाशी पिनांची भोकं आणि घडीत चार अक्षता. लग्न दणक्यात झालेलं दिसतंय. आहेर तेवढा माझ्याकडून!

ज्या साइटवर विकते तिच्याकडे भरपाईचा क्लेम टाकला. पॅक करतानाचा व्हिडिओ दिला, परत आलेलं पार्सल उघडतानाचाही दिला. उत्तर आलं, ‘पुरावा अपुरा’. का, तर लेबलवरचा बारकोड क्षणभर माझ्या अंगठ्याखाली गेला म्हणे. बाईंना मात्र पैसे केव्हाच परत मिळालेत. माझे साडीचे पैसे अडकले ते अडकले, वर परतीच्या कुरिअरचा भुर्दंडही मलाच.

ग्राहकासाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत: तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. असावेतच, मीही एरवी ग्राहकच असते, आणि दगडं पाठवणारे विक्रेते काय कमी आहेत? पण विक्रेत्याच्या वाट्याला कोण? चॅटबॉट. ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ म्हणतो आणि तक्रारीचं तिकीट बंद करून टाकतो. माणूस असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

साडी ड्रायक्लीनला टाकलीय. डाग नाही निघाला तर आई घरात नेसेल म्हणते.

आत्ताच मोबाइल वाजला. नवी ऑर्डर. तीच इरकल, कॅश ऑन डिलिव्हरी.