चोंगचिंगमध्ये रस्सा मागू नका

मी कोल्हापूरचा, त्यामुळे तिखटाच्या बाबतीत जरा माज आहेच. चीनमधल्या चोंगचिंगला कामासाठी गेलो, तेव्हा चढावरच्या एका साध्या हॉटपॉटच्या दुकानात वाढणाऱ्या मुलीने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं, ‘कमी तिखट घ्या.’ मी हसलो आणि मधलं सांगितलं. पुढच्या दहा मिनिटांत त्या हसण्याची पुरती किंमत मोजली.

बुटकी स्टुलं, टेबलाच्या मधोमध भोक, त्यात शेगडी. वर नऊ खणांचं पातेलं. त्यात साबणाच्या वडीसारखी घट्ट लाल चरबी वितळत होती, वर सुक्या मिरच्यांचा थर. (ही चरबी बीफची असते. चालत नसेल तर आधीच वनस्पती तेलातलं मागा, तेही मिळतं.) गळ्यात एप्रन बांधून दिला, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पण लाल तवंग दिसला की कोल्हापुरी माणसाचा हात आपोआप वाटीकडे जातो. मी पळीभर घेतला आणि तांबड्या रश्शासारखा भुरकला. ती मुलगी दोन्ही हात हलवत धावत आली. तो लाल रस्सा पिण्यासाठी नसतोच! त्यात फक्त शिजवायचं असतं.

तोंड भाजलं म्हणावं तर तसंही नाही. ओठ थरथरत होते, जणू मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून ओठांना लावलाय. ही थरथर लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली मोजलीय, सेकंदाला साधारण ५० कंपनं. आणि मग तो वास आला. हा वास मला माहीत होता. आई वेंगुर्ल्याची. तिच्या बांगड्याच्या तिखल्यात असतं ते तिरफळ! ओठ थरथरवणारं ते सिचुआनचं मिरं आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले चुलतभाऊ. आई पाच-सहा टाकते, हे लोक मूठ-मूठ ओततात.

मग त्या मुलीनेच शिकवलं. वजडीचा तुकडा काड्यांत धरायचा, सात वेळा वर, आठ वेळा खाली. पंधराएक सेकंदांत बाहेर, नाहीतर रबर. हे मधल्या खणात, कारण तिथे उकळी जोरात. कोपऱ्यातले खण सावकाश शिजणाऱ्यांसाठी. मग लसूण घातलेल्या तिळाच्या तेलात बुडवून तोंडात. तेलात बुडवलं की तुकडा निवतो आणि तिखटही बोथटतं. तेलकटावर तेल हा उपाय मला आधी खुळचटपणा वाटला होता. नंतर वाटीभर तेल मी एकट्याने संपवलं.

‘तिकडच्यापेक्षा आपलं शेजवानच भारी’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. शेजवान म्हणजे सिचुआन, आणि चोंगचिंग १९९७ पर्यंत त्याच प्रांतात होतं. गाडीवरच्या आपल्या चटणीत लाल मिरची आणि लसूण असतो; ज्या मिऱ्याने सिचुआनचं नाव झालं, ते तिच्यात सहसा नसतंच. चटणी मलाही आवडते, पण तिच्या जिवावर त्या लोकांना तिखट शिकवायला जाऊ नये. आपल्याला भाजणारं तिखट कळतं. बधिर करणारं फक्त कोकणातल्या आयांना कळतं, आणि त्यांना आपण कधी विचारत नाही.

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि तिने एकच विचारलं, “बियो काढतत मां?”

काढतात म्हटलं. सालच वापरतात, तुझ्यासारखंच.