'प्रॅक्टिकल आई' यांना उत्तर : प्रोटीनचा डबा आणि माझी डेअरीतली नोकरी

प्रॅक्टिकल आई,

हे नाव तुम्हीच घेतलंय, म्हणून हेच वापरते. 'मुलांना प्रोटीनचा डबा हवाच का?' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दुधातलं प्रोटीन उत्तम असं मीच लिहिते, मग त्याचीच पावडर झाली की ती नकोशी का होते, हा तुमचा पहिला प्रश्न. तुमचा सहा वर्षांचा मुलगा साध्या दुधाला तोंड लावत नाही, चॉकलेटची पावडर घातली की पितो. तुम्ही दोघंही नोकरीवर, सकाळी व्हॅन दारात उभी. व्हे आयसोलेटमध्ये, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यातून वेगळ्या काढलेल्या प्रोटीनच्या पावडरीत, लॅक्टोज जवळजवळ नसतं, हे मी लिहिलं नाही. असे लेख वाचून आयांना अपराधी वाटतं, हीही तुमची तक्रार. आणि शेवटी हे वाक्य: 'काकू, डेअरीत फॅट मोजलं म्हणजे बालपोषण कळतं असं नाही.'

आधी लॅक्टोजचं मिटवते. बरोबर आहे तुमचं. लॅक्टोज ही दुधातली साखर, आणि आयसोलेट तयार होताना ती बहुतेक सगळी निघून जाते. दूध प्यायलं की ज्या लेकराचं पोट फुगतं त्याला ते सोसू शकतं. मात्र दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी असलेल्या मुलाला आयसोलेट अजिबात द्यायचं नाही. दोन्ही गोष्टी लोक सर्रास एक समजतात, म्हणून एवढं लिहिलं. मुद्दा तुमचा, मान्य.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

हो, फॅट मोजलं. इथे नागपुरातच, एका डेअरीच्या प्रयोगशाळेत, निवृत्त होईपर्यंत. सकाळी टँकर लागायचे, नमुने यायचे, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, काढून झाल्याशिवाय दूध आत घेतलं जायचं नाही. पण तिथे फक्त फॅटच मोजतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? प्रोटीनही मोजतात. जेलडाल पद्धत म्हणतात तिला. नमुना गंधकाम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन पकडायचा, आणि जो आकडा येईल त्याला ६.३८ ने गुणायचं. म्हणजे मोजला जातो नायट्रोजन, आणि लिहिलं जातं प्रोटीन. २००८ साली चीनमध्ये नेमका याचाच फायदा घेतला गेला. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं कारखान्यातलं रसायन मिसळलं, नायट्रोजन वाढला, कागदावर प्रोटीन भरपूर. ते बाळांच्या पावडरीत गेलं. सहा बाळं दगावली, आजारी पडलेल्यांची संख्या तीन लाखांच्या घरात. डब्यावर 'हाय प्रोटीन' वाचून तुम्हाला निर्धास्त वाटत असेल. मला तो आकडा कसा येतो ते माहीत आहे, म्हणून मी डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचते. हे शहाणपण मला त्या फॅट मोजण्याच्या टेबलावरच मिळालं, ताई.

आणि बालपोषणावर कुणी बोलावं याचा परवाना तुम्ही वाटणार असाल, तर पांडुरंग वासुदेव सुखात्म्यांचं काय करायचं? आपल्या सातारा जिल्ह्यातला माणूस. डॉक्टर नव्हे, संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख. साठच्या दशकात जगभर एकच ओरड चालली होती की गरीब देशांतल्या मुलांना प्रोटीन कमी पडतंय, काहीतरी प्रोटीनयुक्त बनवून द्या. त्यांनी आकडे मांडून सांगितलं की मुलांना मुळात पोटभर अन्नच कमी पडतंय. ते पुरेसं मिळालं तर त्यातून प्रोटीनही बहुतेकांना पुरतं. हैदराबादच्या पोषण संस्थेचे डॉ. गोपालन यांनीही कुपोषित मुलांच्या आहाराकडे बघून असंच काहीसं सांगितलं होतं, आणि ते डॉक्टर होते. १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मॅकलारेन या डॉक्टरांनी त्या सगळ्या प्रोटीन-मोहिमेला फसगत म्हटलं. मी या मंडळींच्या पायाजवळही बसण्याच्या लायकीची नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. पण नुसत्या आकडेमोडीने मुलांचं पोषण कळत नाही, हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणून दाखवा.

पावडर वाईट, असं मी कुठे लिहिलंय ते मला दाखवा. तीव्र कुपोषित मुलांना दवाखान्यात एफ-७५ आणि एफ-१०० नावाचं दूध देतात. ते स्किम मिल्क पावडरीपासूनच बनवतात, आणि त्याने मुलं वाचतात. फक्त त्यातलं प्रोटीन बघा. सुरुवातीच्या एफ-७५ मध्ये १०० मिलिलिटरला जेमतेम ०.९ ग्रॅम. मूल सावरलं की मग एफ-१००, त्यात २.९. हाडांचा सापळा झालेल्या लेकरालाही पहिल्या दिवसांत प्रोटीन मुद्दाम बेताचं देतात, कारण त्याच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला जास्तीचा भार झेपत नाही. आईच्या दुधातही १०० मिलिलिटरला साधारण एकच ग्रॅम असतं, गाईच्या दुधात त्याच्या तिप्पट. त्या एका ग्रॅमवर बाळ पाच-सहा महिन्यांत वजन दुप्पट करतं.

तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचा हिशेबही देते, नाहीतर पुन्हा म्हणाल काकू नुसत्या गोष्टी सांगतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्यात चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. एका ग्लासभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सहा ग्रॅमच्या वर. तीस ग्रॅम तूरडाळीच्या वरणात तेवढंच. उरलेलं पोळी-भातात, मूठभर फल्लीदाण्यांत. धान्यात लायसिन हा प्रोटीनचा एक गरजेचा घटक कमी असतो, तो डाळ आणि दूध भरून काढतात, म्हणून वरण-भातावर दही घेणारं मूल अजिबात उपाशी नाही. टोन्ड दूध घेत असाल तरी काळजी नको, साय काढली म्हणून प्रोटीन जात नाही.

दूध पीत नाही म्हणता. माझा धाकटाही प्यायचा नाही. नागपूरच्या महाल भागातल्या घरात सासूबाई, दोन पोरं, माझी सकाळची शिफ्ट, आणि मदतीला कुणी नाही. दही खायचा, कढी ओरपायचा, उन्हाळ्यात तर ताकाशिवाय उठायचा नाही. दूध ग्लासातूनच पोटात गेलं पाहिजे असा काही नियम नाही. तुमच्या एकटीच्याच दारात व्हॅन येते असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. नागपुरात सगळ्यांच्याच दारात येते हो.

आणि तुमचा मुलगा जे पितो ते व्हे आयसोलेट नाहीच, ती चॉकलेटची पावडर आहे. वाद एका डब्याचा घातलात आणि मुलाला देताय दुसराच. दुधात घालायच्या अशा बहुतेक डब्यांवर घटकांच्या यादीत माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि साखर पुढे, दूध मागे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढायला सांगितली, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी काही व्याख्याच नाही. त्याच वर्षी आयसीएमआरच्या पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी नियमित घेऊ नयेत असं आलं. त्यातली साखर, गोडवा आणणारे पदार्थ आणि कृत्रिम चव ही कारणंही दिलीत. खऱ्या व्हेची गंमत अशी की चीज करताना उरणारं ते पाणी कुठे सोडावं, हा एके काळी डेअऱ्यांपुढचा प्रश्न होता. दुधातल्या प्रोटीनपैकी विसेक टक्के त्या पाण्यात जातं, बाकीचं केसीन, म्हणजे चीजमध्ये गोठणारं प्रोटीन. आज त्याच पाण्याचा डबा होतो आणि किमतीचं काय बोलावं.

अपराधी वाटण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. लेखात मी कुणाला दोष दिलेला नाही, पुन्हा वाचून बघा.

डॉक्टरांनी लिहून दिलेली पावडर असेल तर माझं ऐकून ती बंद करू नका, हे लेखातही ठळक अक्षरांत आहे. तिथपर्यंत तुम्ही वाचलं नसावं. तुमच्या प्रतिक्रियेतलं नवऱ्याच्या जिमचं मी सोडून देते, तो माझा विषय नाही. प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, आहे तशी राहील. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा डब्याच्या मागच्या बाजूचं साखरेचं प्रमाणही लिहा, म्हणजे बोलता येईल.